सांगलीच्या विश्रामबागेतलं एक पाळणाघर, मुलांच्या ताटाच्या बाजूने पाहिलेलं

पाळणाघराबद्दल लोक लिहितात तेव्हा कॅमेरे किती, भिंतीवर चित्रं कुठली, इंग्रजी गाणी म्हणून घेतात का, असलं लिहितात. मी लिहिणार आहे ते तिथल्या ताटाबद्दल, दुपारच्या झोपेबद्दल आणि वजनकाट्याबद्दल. नोकरीच माझी ती होती. एकात्मिक बालविकास सेवा योजनेत मी पर्यवेक्षिका होते, बरीच वर्षं जत तालुक्यात आणि शेवटी मिरजेकडे. अंगणवाडीच्या आढ्याला काटा अडकवायचा, झोळीत रडणारं पोर बसवायचं आणि ते हातपाय झाडायचं थांबेपर्यंत आकड्यावर नजर ठेवायची. तेव्हा आम्ही वाळलेली पोरं शोधत होतो. आता नातवाच्या पाळणाघरात मी वाढीच्या तक्त्याच्या वरच्या, जादा वजनाच्या टोकाकडे बघते आहे.

पाळणाघराचं नाव मुद्दाम देत नाही. जागा लहान आहे, मुलं विसाच्या आतच घेतात, आणि चालवणाऱ्या ताईंना आत्ताच पालकांना नाही म्हणताना अवघड होतं. विश्रामबागेत, शंभर फुटी रस्त्याच्या आतल्या बाजूला, जुना बैठा बंगला, पुढे अंगण, अंगणात आंब्याचं झाड. ज्यांना गरज आहे ते विचारत विचारत पोचतील.

मी घरात असताना पाळणाघर कशाला, हे शेजारच्या काकू अजून विचारतात. दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदललेली बाई साडेतीन वर्षांच्या पोरामागे पळू शकत नाही, हे एक. आणि पोराला पोरं लागतात. आजीबरोबर दिवसभर एकटं बसलेलं पोर शेवटी मोबाइलकडेच जातं.

वजनाचं एवढं काय, याचं उत्तर आमच्या घरातच आहे. मुलगा कुपवाडच्या एमआयडीसीत, दिवसभर खुर्ची, पोट सुटलेलं. सून बँकेत, तीही बसूनच. तिला दिवस असताना रक्तातली साखर वाढली होती. आईची जादा साखर वारेतून बाळाकडे जाते, मग बाळाचं स्वादुपिंड जादा इन्सुलिन करायला लागतं आणि बाळाच्या अंगावर चरबी धरते. नातू जन्मला पावणेचार किलोचा. दवाखान्यात बघायला आलेला प्रत्येक जण 'काय गुटगुटीत आहे हो!' म्हणत होता आणि मी मनात तक्ता उघडून बसले होते. गरोदरपणातली साखर, आईबापांचं स्वतःचं वजन, जन्माचं मोठं वजन, ही तिन्ही कारणं पुढे मूल जाड होण्याची शक्यता वाढवतात, आणि आमच्या पोराच्या वाट्याला तिन्ही आली. यात सुनेचा काही दोष नाही. पण पुढचं हातात असलेलं तरी नीट व्हावं, एवढाच माझा हट्ट होता.

कमी वजनाचं बाळ यातून सुटलं असंही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि बाळं वर्षानुवर्षं तपासली. त्यांनी आपल्याकडची बाळं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव कमी भरले, पाठीवरची चरबी मात्र त्या मानाने शाबूत होती. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबी राखून असलेलं बाळ. अशा बाळाला पहिल्या दोन वर्षांत 'भरून काढायचं' म्हणून भराभरा वजन चढवलं, तर पुढे लठ्ठपणाची आणि मधुमेहाची वाट सोपी होते. जतच्या माझ्या कित्येक अंगणवाड्यांत दोन-सव्वादोन किलोची बाळं होती. त्यांना खायला मिळायलाच हवं होतं, त्यात शंका नाही. पण खायला मिळणं वेगळं आणि कोंबणं वेगळं.

आकडे थोडक्यात सांगते, कारण लोकांना वाटतं हे मुंबई-पुण्याचं दुखणं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ साली महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची १.९ टक्के मुलं जादा वजनाची होती. २०१९-२१ च्या फेरीत ती ४.१ टक्के झाली. त्याच फेरीत वयाच्या मानाने कमी वजनाची मुलं ३६ टक्के. म्हणजे एकाच जिल्ह्यात, कधीकधी एकाच गल्लीत, दोन्ही टोकं नांदतात. मोठं टोक अजून वाळलेल्या पोरांचंच आहे, हे विसरून मी काही लिहीत नाही. पण छोटं टोक पाच वर्षांत दुपटीच्या वर गेलं.

तर पाळणाघर. हे सापडण्याआधी आम्ही गावात बऱ्याच ठिकाणी जाऊन आलो. एका ठिकाणी सतरंजीवर ओळीने पोरं बसवलेली, समोर भिंतीवर टीव्ही, कार्टून चालू, आणि एक बाई एकाच वाटीतून एकेकाच्या तोंडात घास ढकलत पुढे सरकत होती. पोरांचे डोळे टीव्हीवर, तोंडं आपोआप उघडत होती. चालवणाऱ्या बाई अभिमानाने म्हणाल्या, "आमच्याकडे एक घास शिल्लक राहत नाही." मी तिथूनच चपला घातल्या. सुनेला वाटलं आईंना जागा अस्वच्छ वाटली. जागा लखलखीत होती. पण टीव्हीकडे बघत जेवणाऱ्या पोराला पोट भरल्याचं कळत नाही, आणि रोज वर्ष-दोन वर्षं तसं चाललं की ते कळायचं ते कळणंच बोथट होतं.

इथे टीव्ही नाही. म्हणजे दिवाणखान्यात एक जुना आहे, त्यावर क्रोशाचं कापड टाकलेलं असतं आणि वर गणपती. साडेबाराला पोरं हात धुऊन येतात, लहान स्टीलची ताटली घेतात आणि आपापल्या हाताने जेवतात. सांडतात. आमटी कोपरापर्यंत जाते. खाली जुनं प्लॅस्टिक अंथरलेलं असतं, ते मावशी नंतर झटकून धुतात. पहिल्यांदा वाढतात ते थोडं, मुठीएवढा भात आणि दोन चमचे भाजी. पुन्हा मागितलं तर पुन्हा. नको म्हटलं तर ताटली उचलतात, एकदाही 'अजून एक घास काऊचा' नाही. पहिल्याच दिवशी नातवाने अर्धी पोळी टाकली, तेव्हा सून दारातून काळजीने बघत होती. जेवण वाढणाऱ्या मावशी तिला म्हणाल्या, "पोट त्याचं हाय, त्याला कळतंय की. न्हाई जेवला तर चारला भूक लागंल, तवा खाईल." मी आयुष्यभर प्रशिक्षणांत हेच सांगत फिरले, पण एवढ्या कमी शब्दांत मला ते कधी जमलं नव्हतं.

इथे जरा थांबते, कारण सगळा घोळ नेमका या वयात होतो. पहिल्या वर्षात बाळाचं वजन साधारण तिप्पट होतं. त्यानंतर वाढ एकदम मंदावते, वर्षाला दोन-अडीच किलो, पुढे दोनच. वाढ मंदावली की भूकही कमी होते. हे ठरलेलं आहे, निसर्गाचं आहे. पण घरच्यांना वाटतं पोर जेवायचं बंद झालं. मग वाटी घेऊन मागे फिरणं, मोबाइल लावणं, 'एवढं संपव मग चॉकलेट', दुधात पावडर. शिवाय वर्षानंतर पाच-सहा वर्षांपर्यंत मूल उंचीच्या मानाने हळूहळू सडपातळ होत जातं, बरगड्या दिसायला लागतात, गाल बसतात. 'बारीक झाला' म्हणून आया रडतात. ते बारीक होणं वाढीचाच भाग आहे. उलट ज्या मुलाचं सडपातळ होणं लवकर थांबतं आणि पाच वर्षांच्या आतच पुन्हा अंग धरायला लागतं, त्याची पुढे जाड होण्याची शक्यता जास्त. आमच्या खात्याच्या सुदृढ बालक स्पर्धांना येणारे पाहुणे नेहमी सगळ्यात गुबगुबीत पोराच्या गालाचा चिमटा काढायचे. तक्त्यावर ते पोर पहिलं येत नसे, हे त्यांना सांगायची सोय नव्हती.

जेवणात काय असतं? सकाळचा खाऊ घरून डब्यात न्यायचा. दुपारचं जेवण तिथलं: आमटी-भात, एक फळभाजी, ज्वारीची भाकरी किंवा पोळी, ताक. एखाद्या दिवशी मुगाची खिचडी आणि कढी. ज्यांच्या घरची हरकत नाही त्यांना उकडलेलं अंडं. चारला उप्पीट, थालीपीठ, केळं, चुरमुऱ्यांना शेंगदाण्याचं कूट लावून. कूट हे महत्त्वाचं. आपल्या सांगलीचा भडंग मलाही प्रिय आहे, पण चार-पाच वर्षांच्या आतल्या पोराला अख्खा शेंगदाणा देऊ नये, तो श्वासनळीत जातो. ताईंना हे कुणी सांगायला लागलं नाही.

शनिवारी गोड. खपली गव्हाची खीर, गूळ घालून. चव उत्तम, पण हात सैल. मी विचारलं तर ताई म्हणाल्या, "गूळच आहे की आई, साखर नाही." आपल्या ऊसपट्ट्यात गुळाला औषधाचा मान आहे. गुळात साखरेपेक्षा किंचित लोह वगैरे असेल, पण शरीरात गेल्यावर ती साखरच. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर, त्यात मध आणि फळांचा रसही आला, दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्क्यांच्या आत असली तर उत्तम. आणि दोन वर्षांच्या आतल्या बाळांना गोड पेयं द्यायचीच नाहीत, असं २०२३ च्या त्यांच्या सूचनांत स्पष्ट आहे. आठवड्यातून एकदा खिरीने काही बिघडत नाही. पण त्या दिवशी दीड वर्षाच्या बाळालाही तीच वाटी मिळते, ते मला पटलेलं नाही. सांगून झालं आहे, बघू.

दुधाबद्दल मात्र इथला नियम कडक आहे आणि मला तो मनापासून आवडला. दीड वर्षानंतर बाटली आत येत नाही. पेल्यातून प्यायचं. बाटलीने मूल भुकेपेक्षा जास्त पितं, कारण ती रिकामी करायची घाई आईला असते. अंगावर पिणारं बाळ पोट भरलं की स्वतः सोडतं, तिथे किती मिली गेलं हे कुणालाच दिसत नाही आणि तेच बरं. सुनेला २६ आठवड्यांची रजा मिळाली, मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीची कृपा, म्हणून सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध निभावलं. त्याच कायद्यात ५० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करायची असंही लिहिलंय. ते वाचून माझा मुलगा बराच वेळ हसला. असो.

पावडरीचा डबा ही ताईंची आणि पालकांची कायमची लढाई आहे. काही जण दुधात घालायला 'शक्तीची' पावडर देऊन जातात, वर चिठ्ठी: दोन चमचे. ताई ती डब्यासकट परत पाठवतात. डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचा, १०० ग्रॅममागे ३० ग्रॅमच्या वर साखर असलेले डबे सर्रास आहेत. म्हणजे तिसरा हिस्सा साखर आणि किंमत बदामाची. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितलं, कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात तशी व्याख्याच नाही. सदर गेलं, डबे आहेत तिथेच आहेत. एक आई रागाने मूल काढून घेऊन गेल्या, हे मला मावशींकडून कळलं. ताईंनी ते सोसलं, याबद्दल मला त्यांचा आदर आहे. साडेपाच हजार रुपये महिना सोडणं सोपं नसतं.

रडण्यावर बिस्किट नाही, ही आणखी एक गोष्ट. सकाळी आई सोडून गेली की निम्मी पोरं भोकाड पसरतात. बाकी ठिकाणी अशा वेळी हातात बिस्किट देतात, पोर गप्प होतं, काम सोपं होतं. इथे मावशी उचलून अंगणात नेतात, आंब्यावरचे मुंगळे दाखवतात. वेळ लागतो. पण दुःख झालं की खायचं, ही गाठ एवढ्या लहान वयात बसली की मोठेपणी सुटत नाही. मोठ्या माणसांच्या शेवेच्या डब्याकडे बघा, कळेल.

झोपेचं लोकांना आश्चर्य वाटतं. वजनाचा आणि झोपेचा काय संबंध? आहे. कमी झोपणाऱ्या मुलांत जादा वजन अधिक आढळतं. झोप अपुरी पडली की भूक वाढवणारी संप्रेरकं चढतात, आणि चिडचिड्या पोराला गप्प करायला आपण खायला देतो किंवा मोबाइल. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास झोप हवी, त्याहून लहानांना ११ ते १४. इथे सव्वा वाजता पडदे ओढतात आणि पावणेतीनला उठवतात. काही पालकांची तक्रार असते की झोपू दे की अजून. पण पोर पाचला उठलं की रात्री बाराला झोपतं, आणि त्या बारापर्यंत घरात टीव्ही चालूच असतो, म्हणून ताई उठवतात तेच योग्य. न झोपणाऱ्या मोठ्या मुलांना मात्र तेवढा वेळ नुसतं पडून राहायला लावतात, ते त्यांच्यावर अन्यायाचं आहे. कोपऱ्यात ठोकळे द्यायला काय हरकत आहे?

टीव्ही-मोबाइलच्या पडद्याचं: पाच वर्षांच्या आत दिवसाला एक तासाच्या वर नको आणि दोनच्या आत अजिबात नको, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते आणि आपले बालरोगतज्ज्ञही. ताई असतात तेव्हा हे पाळलं जातं. ताई बँकेत, बाजारात गेल्या की मदतनीस मुलगी स्वतःचा मोबाइल काढून गाणी लावते आणि दहा डोकी त्यावर झुकतात. मी स्वतः पाहिलं. ताईंच्या कानावर घातलं, त्यांनी तिचा फोन आता कपाटात ठेवायला लावलाय. माझी नजर आहे.

खेळायला अंगण आहे, वाळू आहे, एक घसरगुंडी आहे. या वयात दिवसाला तीन तास हालचाल हवी, त्यात तासभर तरी दम लागेपर्यंत पळणं. उन्हाळ्यात सकाळी आणि संध्याकाळी हे सहज होतं, पोरं धुळीने माखून घरी येतात. पावसाळ्यात सगळं ठप्प. अंगणात पाणी साचतं, आतली खोली एवढीशी, आणि पोरं चित्रं रंगवत बसतात. शिवाय बंगल्याच्या मालकांची चारचाकी अलीकडे अंगणात लागायला लागली आहे, त्यामुळे पळायची जागा निम्मी झाली. ही माझी या जागेबद्दलची पहिली खरी तक्रार. पावसाची उघडीप असेल तेव्हा पोरांना आमराईत न्या, असं मी सुचवलं होतं. विसाच्या आसपास पोरं रिक्षातून न्यायची जबाबदारी कोण घेणार, हे ताईंचं उत्तरही खोटं नाही.

दुसरी तक्रार वाढदिवस. विसाच्या आसपास मुलं, म्हणजे महिन्यात निदान एखादा, कधी दोन-तीन. प्रत्येक वाढदिवसाला केक, वेफर्स, नळीवाला रसाचा खोका, आणि जाताना हातात चॉकलेटची पिशवी. ताईंनी पालकांच्या ग्रुपवर 'कृपया फळे आणावीत' असं टाकलं. पुढच्या वाढदिवशी फळांचा केक आला. वर क्रीम, त्यावर चार किवीचे काप. सगळं वर्षभर पाळायचं आणि वाढदिवसाला पालकांपुढे हात टेकायचे, हे मला खटकतं. पालक दुखावतील म्हणून ताई बोलत नाहीत, पण पावडरीचा डबा परत पाठवायला धीर होतो तर केकला का नाही?

आता काट्याबद्दल, ज्यात माझी जरा दादागिरी झाली. दर तीन महिन्यांनी इथे मुलांचं वजन-उंची करतात, पाळणाघरात हे मी दुसरीकडे पाहिलं नाही. पण डिजिटल काटा गालिच्यावर ठेवला होता. मऊ जागेवर काटा ठेवला की आकडा खोटा येतो. मी तो फरशीवर ठेवायला लावला. पोरांचे बूट काढा, खिशातल्या गाड्या काढा. उंचीची पट्टी दाराला चिकटवली होती ती जमिनीपासून बोटभर वर, तीही नीट लावून घेतली. दोन वर्षांच्या आतलं बाळ आडवं झोपवून मोजायचं, वरचं उभं करून. आडव्या आणि उभ्यात साधारण ०.७ सेंटीमीटरचा फरक पडतो.

आणि मुख्य म्हणजे ते फक्त वय आणि वजन बघत होते. त्यावरून मूल जाड आहे की उंच, हे कळत नाही. १७ किलोचं पोर १०५ सेंटीमीटर उंच असेल तर ते अगदी मध्यावर बसतं. तेच १७ किलो ९५ सेंटीमीटरच्या पोराचे असतील तर ते जादा वजनाच्या रेषेच्या वर गेलं. म्हणून उंचीच्या मानाने वजन बघायचं. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते सरकारी अंगणवाडीत आहेत, ते मी छापून आणून दिले. पाच वर्षांनंतर बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेचे २०१५ चे तक्ते लागतात, तोवर इथली पोरं शाळेत गेलेली असतात. आता ताई प्रत्येक मुलाचा ठिपका स्वतः टाकतात. एकदा टाकलेला ठिपका काही सांगत नाही, तीन-चार ठिपके जोडल्यावर रेषा कुठे निघाली ते दिसतं. एका मुलाची रेषा चढत चालली होती, ताईंनी आईबापांना बाजूला घेऊन, बाकी कुणासमोर नाही, डॉक्टरांकडे जायला सांगितलं. मुलाच्या तोंडावर 'जाड्या' वगैरे कुणी म्हणायचं नाही हा नियम आहे, आणि घ्यायला येणाऱ्या आजोबांनाही तो लागू आहे.

आजोबांवरून आठवलं. पाळणाघराच्या फाटकासमोर टपरी आहे, माळेसारखी पाच-पाच रुपयांची पाकिटं लटकलेली. शाळेच्या आवारापासून ५० मीटरच्या आत जादा मीठ-साखर-चरबीचे पदार्थ विकू नयेत असा नियम २०२० साली आला, पण तो शाळांसाठी. ताईंनी दिवसभर सांभाळलेलं पोर सहा वाजता आजोबांच्या कडेवर बसतं आणि दहा पावलांवर त्याच्या हातात कुरकुरीत पाकीट येतं. त्यावर पाळणाघर काय करणार? आमच्या घरीसुद्धा मुलगा कामावरून नऊला येतो, मग सगळ्यांचं जेवण दहाला, आणि तोवर पोर जागं. इथली शिस्त घरात उतरावी म्हणून मी नातवाला साडेसातला वेगळं वाढायला लावलं. बाप आल्यावर तो शेजारी बसतो, पण ताट नसतं. यावर घरात थोडी कुरबूर झाली, मग सवय झाली.

नातवाचा ठिपका सध्या मध्यरेषेच्या जरा वर आहे आणि गेल्या वर्षभरात तिथेच राहिला आहे. एवढं मोठं जन्मवजन आणि घरची अशी पार्श्वभूमी असताना माझ्या दृष्टीने हे चांगलं आहे. सगळं श्रेय पाळणाघराला देणं खोटं होईल, पण जागेपणीचे निम्म्याहून जास्त तास तो तिथेच असतो.

पाचपैकी चार देते. एक कापला तो केक आणि पावसाळ्यातलं अंगण यांच्यासाठी. जेवण धरून पूर्ण दिवसाचे साडेपाच हजार, अर्ध्या दिवसाचे साडेतीन. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सात, नंतर उशीर झाला तर तासाला शंभर रुपये आणि ताईंचा पडलेला चेहरा. वर्षाच्या आतलं बाळ घेत नाहीत. जूनला जागा हवी असेल तर मार्चमध्येच विचारा. बघायला जाल तेव्हा साडेबाराला जा, ताई पालकांना स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येऊ देतात. आणि पोर भरवून घेणारं असेल तर पहिले पंधरा दिवस ते संध्याकाळी भुकेलं घरी येईल, तेव्हा घाबरून रस्त्यातच बिस्किटाचा पुडा फोडू नका.